गुण्या मिस्त्रीचं माफीसत्र

दारू सुटलेला माणूस घरात असला की घरच्यांना सुख लागतं, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला! गुण्या मिस्त्रीच्या बायकोला ते सुख मोजून पंधरा दिवस लागलं. सोळाव्या दिवशी सकाळी ती चहा गाळत होती, तेवढ्यात मिस्त्री मागे येऊन उभा राहिला.

"अगं, आपली मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा तू तापाने फणफणली होतीस आणि मी औषध आणायला जाऊन दुसऱ्या दिवशी परत आलो होतो. मला माफ कर."

"केलं," ती म्हणाली. "कप घ्या."

"असं नाही. मनापासून कर."

"अहो, मनापासूनच केलं. चहा निवतोय."

"मी या चहाच्या लायकीचा नाही."

आता चहाला कसली आलीय लायकी? चहा म्हणजे काय मानाची शाल आहे? तिने कप त्याच्या हातात कोंबला. त्याने तो काढा घ्यावा तसं तोंड करून संपवला आणि मग तसं तोंड केल्याबद्दल आणखी एकदा माफी मागितली. बाई कपाळाला हात लावून बसली. नवऱ्याने दारू सोडली होती खरी, पण सोडल्या हाताने माफी धरली होती.

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं लोखंडी हत्यार. गवंडी, सुतार सगळ्यांकडे असतं. फरशी बसवणाऱ्या या मिस्त्रीला ते नाव पडलं, कारण तो कुणाकडे जेवायला बसला तरी आधी ताट टेबलाच्या कडेशी काटकोनात आणायचा आणि मगच पहिला घास घ्यायचा. प्यायलेला नसेल तेव्हा त्याच्या हाताला तोड नव्हती. अडचण एवढीच, की शेवटची आठ-दहा वर्षं तो प्यायलेला नसेल अशी वेळच शोधावी लागे.

बरं, पिऊन मारझोड करणाऱ्यातला तो नव्हता. शिवीगाळ नाही, आदळआपट नाही. तो आपला नाहीसा व्हायचा. प्यायला की त्याला लाज वाटे. लाज वाटली की घरी तोंड दाखवायला नको वाटे. मग फरश्यांच्या गोदामात खोक्यांच्या थप्पीमागे तीन-तीन दिवस पडून राही, आणि तिथे पडून राहायचं म्हणजे पुन्हा प्यायला हवंच. चौथ्या दिवशी रडत घरी येई. दारातच स्वतःच्या थोबाडीत मारून घेई, "मी माणूस नाही, जनावर आहे," म्हणून हंबरडा फोडी. मग बायको एक हात धरी, मुलगी दुसरा हात धरी आणि दोघी मिळून त्याची समजूत काढत. तीन दिवस काळजीने जागलेल्या त्या, आणि समजूत कुणाची, तर याची!

यातून त्याला बाहेर काढलं कोपऱ्यावरच्या न्हाव्याने. त्याला सगळे वस्ताद म्हणत. वस्तादने स्वतः अकरा वर्षांपूर्वी दारू सोडली होती आणि दर शुक्रवारी दुकान बंद झालं की शटर अर्धं ओढून तो दारू सोडणाऱ्यांची बैठक भरवत असे. माणसं सहा, पण समोरासमोरच्या आरशांमुळे साठ दिसत. नवीन आलेला माणूस एवढी गर्दी पाहून जरा धीर धरी. मिस्त्रीही तिथेच धीर धरून बसला आणि काय आश्चर्य, खरंच बसला! एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. दारूचा थेंब नाही.

माफीचा मात्र पूर आला होता. दूध उतू गेलं, माफ कर. पाऊण तास नळाला पाणी नव्हतं, माफ कर. शेवटी बायकोने नियम केला. "सकाळचा चहा ते आंघोळ, एवढ्या वेळात काय मागायची ती माफी मागा. आंघोळीनंतर एक शब्द ऐकून घेणार नाही. मलाही कामं आहेत." झालं! मिस्त्री दुपारी बारा-बारा वाजेपर्यंत आंघोळच करेना.

त्यात त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. दारूच्या नशेत आपण ज्या ज्या घरी वाकडी फरशी बसवली, तिथे जाऊन ती फुकट उकरायची आणि नव्याने बसवून द्यायची. ऐकायला किती छान वाटतं! पण ज्याच्या घरची फरशी उकरायची, त्याला विचारा.

पहिलं घर होतं निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं. त्यांच्या न्हाणीघराचा उतार मिस्त्रीने उलटा काढला होता. पाणी मोरीकडे जायच्या ऐवजी दाराकडे येई आणि दारातून सरळ बैठकीच्या खोलीत पाहुण्यांच्या भेटीला जाई.

"बाई, मी पापी माणूस आहे," मिस्त्री हात जोडून म्हणाला. "मला तुमचं न्हाणीघर फोडू द्या."

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "सहा वर्षं रोज आंघोळ झाली की मी रबरी दांड्याने पाणी ढकलते. माझा उजवा खांदा दुखायचा, तो बरा झाला. डॉक्टर म्हणाले, काय करत असाल ते सोडू नका. आणि तुम्ही आलात तो उतार सरळ करायला? माझ्या खांद्याचं काय?"

दुसऱ्या घरी दोघं भाऊ होते. त्यांच्या दिवाणखान्यात फरशीची ओळ मधोमध अशी वळली होती, की पाहणाऱ्याची मान आपोआप तिरकी व्हावी. त्यांनी त्यावर कपाट ठेवून दिलं होतं. "मिस्त्री, ते कपाट हलवलं तर त्यामागे आमचा समाईक भिंतीचा वाद आहे, तो निघेल. तुमच्या पाया पडतो, हात लावू नका." उलट तेच पाया पडायला लागले!

फरशी आतून पोकळ राहिली की तिच्यावर टकटक केल्यावर भद्द आवाज येतो. त्यामुळे मिस्त्री जाईल तिथे बोटांच्या पेरांनी फरशी वाजवून बघू लागला. एकदा तो कुणाच्या तरी घरी मयतीनंतर भेटायला गेला आणि बोलता बोलता खाली वाकून जमिनीला कान लावून बसला. घरच्यांना वाटलं, माणूस दुःखाने कोसळला. त्यांनी त्याला उचललं, पाणी पाजलं, वारा घातला. मेलेल्या माणसाची सख्खी बहीण कोपऱ्यात बसून होती, तिला कुणी विचारलं नाही. घरी येऊन मिस्त्रीने ही हकीकत सांगितली आणि बायकोची माफी मागितली.

"माझी कशाला मागताय?"

"त्यांची मागायला पुन्हा गेलो असतो तर पुन्हा पाणी पाजलं असतं."

वस्तादच्या कानावर हे सगळं गेलं. शुक्रवारी त्याने मिस्त्रीला थांबवून घेतलं. "मिस्त्री, तुम्ही एकटे असता तेव्हा स्वतःला काय म्हणता?"

"गाढवा म्हणतो. नालायका म्हणतो. कधी कधी..." मिस्त्रीने असले आणखी चार शब्द सांगितले. वस्तादने वस्तरा पुसता पुसता ऐकले. अकरा वर्षांत त्याला त्यातला एक नवीन होता.

"ठीक. शिव्या द्यायच्या तर द्या, मी अडवत नाही. पण यापुढे स्वतःला अहो-जाहो करायचं. गिऱ्हाइकाशी बोलता तसं. दारू सोडलेल्या माणसाला निदान गिऱ्हाइकाएवढा मान द्या."

मिस्त्री आज्ञाधारक माणूस. दुसऱ्या दिवशी बायको न्हाणीघरावरून जात होती, तर आतून आवाज आला, "अहो नालायक, जरा विचार करायचा होतात! काय गाढव आहात हो तुम्ही!" तिला वाटलं, आत कुणी पाहुणे आहेत. पाहुण्यांना न्हाणीघरात नेऊन हा त्यांचा असा पाणउतारा करतोय म्हटल्यावर ती दारावर थापा मारायला लागली. दार उघडलं तर आत एकटा मिस्त्री, डोक्याला साबण. सगळा उलगडा झाला तेव्हा तिने थापा मारून दुखावलेला तळहात पदराला पुसला. मग म्हणाली, "तीस वर्षं झाली या घरात येऊन. मला कधी कुणी अहो म्हटलं नाही. तुम्हाला मात्र तुम्हीसुद्धा म्हणता!"

हे असं हसतखेळत चाललं होतं, आणि तेवढ्यात मुलीने एक काम सांगितलं.

मुलगी दातांची डॉक्टर झाली होती. चार वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात राबून आता तिने स्वतःसाठी तळमजल्यावरचा एक गाळा घेतला होता. पुढे बाकं ठेवण्याची जागा, आत तपासायची खोली. ती एका संध्याकाळी घरी आली, पर्स खुंटीला अडकवली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "फरशी बाबा बसवतील."

बायकोच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. मिस्त्रीने मागे वळून पाहिलं, जणू दुसरे कुणी बाबा मागे उभे आहेत.

"शनिवारी दुपारी रुग्णाची खुर्ची येणार आहे," मुलगी म्हणाली. "ती जमिनीत बोल्ट मारून बसवतात. फरशी धरायला एक दिवस द्यायचा, म्हणजे गुरुवार संध्याकाळपर्यंत आतली खोली पूर्ण हवी. खुर्ची परत गेली तर पुढची तारीख दीड महिन्यानंतरची. मी लोकांना सोमवारपासून वेळा देऊन बसलेय." एवढं बोलून ती थांबली. मग जरा हळू म्हणाली, "जमेल ना, बाबा?"

जमेल का, हा प्रश्न फरशीचा नव्हता. घरातल्या तिघांनाही ते ठाऊक होतं. शाळेचा निकाल, कॉलेजातला पदवीदानाचा दिवस, तिचं लग्न ठरलं ती संध्याकाळ, मुलीच्या आयुष्यात मोठा दिवस आला की बाप गोदामात खोक्यांच्या मागे. तरी तिने त्याच्यावर भरवसा टाकला होता.

"जमेल," मिस्त्री म्हणाला. रात्रभर त्याने हत्यारं पुसली.

रविवारी काम सुरू झालं आणि काय काम झालं म्हणता! दोरी ताणलेली, पाणसळीतला बुडबुडा मधोमध जाऊन गपगार बसलेला, सांधा न सांधा एका मापाचा. दुधी रंगाची फरशी, आतल्या खोलीत मोजून एकशे बारा. मंगळवारी संध्याकाळी शेवटची बसवून त्याने रबरी हातोड्याने ठोकली, तेव्हा मुलगी दारात उभी होती. तिने चप्पल बाहेर काढून ठेवली आणि ती लांबूनच बघत राहिली. मिस्त्रीला त्या रात्री पहिल्यांदा माफी न मागता झोप लागली. बायकोने उठून दोनदा त्याच्या नाकाशी हात धरून पाहिला.

बुधवारी तो सांधे भरायला गेला. मुलगी सामान आणायला बाहेर गेली होती. दुपारी बाराच्या सुमाराला मागच्या खिडकीतून ऊन आत आलं आणि थेट फरशीवर पडलं. मिस्त्री सांधे भरता भरता थांबला. डोळे चोळले. उठून दारात गेला, तिथून पाहिलं. खिडकीत गेला, तिथून पाहिलं.

खोलीच्या मधोमध, बरोबर जिथे खुर्ची बसणार, तिथल्या अठरा फरश्या पिवळट दिसत होत्या.

फरशीच्या खोक्यावर रंगाच्या घाण्याचा क्रमांक असतो. एकाच नावाची, एकाच कारखान्याची फरशी, पण वेगळ्या दिवशी भाजली की रंगात केसभर फरक पडतो. दिव्याखाली कळत नाही, उन्हात बोंब मारतो. म्हणून खोकं फोडायच्या आधी क्रमांक बघायचा, हे या धंद्यातलं पहिलं अक्षर. मिस्त्री धावत कोपऱ्यात गेला. रिकामी खोकी उलटीपालटी केली. एका खोक्यावर क्रमांक वेगळा होता. त्याने तो बघितलाच नव्हता.

आणि तो शुद्धीवर होता!

इथेच सगळा घोटाळा झाला. नशेत केलेल्या चुकीला निदान नशा तरी जबाबदार असते. मिस्त्रीने आजवरच्या सगळ्या वाकड्या ओळी, उलटे उतार, पोकळ फरश्या दारूच्या नावावर टाकल्या होत्या. दारू सोडली की आपण चुकणारच नाही, अशी त्याची भाबडी समजूत होती. आता ही चूक कुणाच्या नावावर टाकायची? दोनशे अकरा दिवस थेंब घेतला नाही आणि तरी हात तसाच! म्हणजे दारू बिचारी निर्दोष होती. दोष मिस्त्रीतच होता. "गाढवा," तो मोठ्याने म्हणाला. अहो वगैरे सगळं विसरला. "नालायका. पोरीच्या पहिल्या दवाखान्याची वाट लावलीस."

हत्यारं तिथेच टाकून तो निघाला. दोन गल्ल्या सोडून एक दुकान होतं, ते त्याला डोळे मिटूनही सापडलं असतं. त्याने एक पेला घेतला. दोनशे अकरा दिवसांनी तो पेला अमृतासारखा लागावा की नाही? कुठलं काय! तोंड वाकडं झालं, नाकातून पाणी आलं, शेजारचा माणूस म्हणाला, "पहिल्यांदाच घेताय का, काका?" एवढा अपमान मिस्त्रीचा जन्मात झाला नव्हता. त्याने दुसरा मागवला नाही. तसाच उठला आणि पाय नेतील तिकडे गेला. पायांनी त्याला गोदामात नेलं, खोक्यांच्या थप्पीमागे. फोन बंद केला आणि पुठ्ठ्यावर आडवा झाला.

सकाळी उजाडताना जाग आली. गुरुवार. डोकं दुखत नव्हतं, एका पेल्याने काय दुखणार? पण छातीवर कुणी घमेलं ठेवल्यासारखं वाटत होतं. आता पुढचं सगळं ठरलेलं होतं. नऊला ते दुकान उघडेल. मग शुक्रवार, मग शनिवार. खुर्ची येईल आणि परत जाईल. रविवारी आपण रडत घरी जाऊ, आणि त्या दोघी हात धरतील.

मिस्त्री उठून बसला आणि स्वतःला झोडपायला त्याने तोंड उघडलं. पण वस्तादची सवय लागली होती ना! तोंडून निघालं, "अहो मिस्त्री..."

आणि पुढे काही सुचेना. गिऱ्हाइकाला अहो म्हटलं की पुढे आपण काय म्हणतो? "अहो मिस्त्री," तो पुन्हा म्हणाला, आणि जिभेच्या सवयीने पुढचं आपोआप आलं, "काल काही खाल्लंत का?"

नव्हतं खाल्लं. काल सकाळच्या चहानंतर पोटात फक्त तो एक पेला होता. मिस्त्री पुठ्ठ्यावर बसून राहिला. कुणीतरी आपली विचारपूस केल्यासारखं त्याला वाटलं आणि डोळे भरून आले. विचारपूस करणारा तोच होता, म्हणून जरा लाजही वाटली. मग तो उठला, गोदामाच्या नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्यायला, कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन केळी घेतली, ती उभ्या उभ्या खाल्ली आणि तडक वस्तादच्या दुकानात गेला.

वस्ताद नुकतंच शटर वर करत होता. त्याने मिस्त्रीच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता खुर्ची झटकली. "बसा. दाढी वाढलीय."

गळ्याभोवती कापड बांधून झाल्यावर मिस्त्रीने सगळं सांगितलं. फेस लावलेल्या तोंडाने रडणं फार अवघड असतं. फेस नाकात जातो.

"आता शिव्या द्या मला," मिस्त्री म्हणाला.

"माझी बोहनी व्हायचीय. गप्प बसा, वस्तरा लागेल." वस्तादने एक गाल साफ केला. "पिवळट फरश्या किती?"

"अठरा."

"एकूण?"

"एकशे बारा."

"मग किती बदलायच्या?"

"अठराच. बाकीच्यांना काय झालंय?"

"बाकीच्यांच्या क्रमांकाच्या आणखी मिळतील?"

"दुकानात आहेत. त्या अठरांखालचं सिमेंट अजून पुरतं धरलं नसेल. आज हात लावला तर निघतील. उद्या फोडाव्या लागतील."

वस्तादने दुसरा गाल साफ केला. "दारू न पिता दिवस किती झाले होते?"

"दोनशे अकरा."

"आणि काल पेले किती?"

"एक."

वस्तादने वस्तरा बाजूला ठेवला आणि आरशातून मिस्त्रीकडे नुसतं पाहिलं. हिशेब करायला मिस्त्रीला थोडा वेळ लागला, पण जमला.

"मी जातो," तो खुर्चीतून उठत म्हणाला. "तिच्या पायावर डोकं ठेवतो. तिच्यासमोर स्वतःच्या..."

"ते नाही करायचं. आज माफीचा म सुद्धा काढायचा नाही. काय झालं ते सांगायचं, आणि पुढे तिला जे बोलायचं असेल ते बोलू द्यायचं. उभं राहायचं. पळायचं नाही, रडायचं नाही."

"वस्ताद, त्यापेक्षा डोकं आपटणं सोपं आहे हो."

"म्हणून तर तुम्ही तेच करत आलात. हनुवटी वर करा, एक केस राहिलाय."

नऊ वाजायच्या बेताला मिस्त्री दवाखान्यात पोचला. आत यायच्या आधी तो दाराबाहेर दोन मिनिटं उभा राहिला. आतून मुलीचा आवाज येत होता. ती फोनवर होती. "हो, बाकीचं काम झालंय. अठरा फरश्या वेगळ्या रंगाच्या आहेत, त्या बदलायच्या आणि सांधे भरायचे. नाही, आधीचे मिस्त्री... आधीचे मिस्त्री येणार नाहीत बहुतेक. तुम्ही दहापर्यंत..."

तेवढ्यात तिला दारात बाप दिसला. दाढी केलेला, भांग पाडलेला, हातात दुकानातून आणलेलं फरश्यांचं खोकं. तिने फोन कानावरून खाली घेतला आणि तसाच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"काल मी प्यायलो," मिस्त्री म्हणाला. "एक पेला. क्रमांक न बघता खोकं फोडलं, ती चूक त्याच्या आधीची. ती मी शुद्धीवर असताना केली. अठरा फरश्या आणल्यात. संध्याकाळपर्यंत बदलून होतील."

एवढं बोलून तो थांबला. जिभेवर माफी येऊन बसली होती. ओठ घट्ट मिटून त्याने ती आत ढकलली. मुलगी वाट पाहत होती. सवयच होती तिला. आता बाबा हंबरडा फोडतील, थोबाडीत मारून घेतील, मग आपण धावायचं, हात धरायचे. एक क्षण गेला, दोन गेले. बाप काहीच करेना. नुसता उभा.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

मग मात्र तिचा बांध फुटला. "म्हणजे आज मी बोलू? बोलू ना? कारण इतकी वर्षं मला संधीच नाही मिळाली! तुम्ही येता आणि माझ्या आधी तुम्हीच स्वतःला शिव्या घालता, इतक्या मोठ्याने, की मग मलाच तुमची समजूत काढावी लागते! मला रागवायचं होतं, बाबा! शाळेचा निकाल लागला त्या दिवशी मी निकालाचा कागद हातात घेऊन तुम्हाला शोधत तीन गल्ल्या हिंडले. पदवी मिळाली तेव्हा शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स ठेवून बसले, कुणी विचारू नये म्हणून की इथे कोण येणार आहे. काल रात्री आई दारात बसून होती. जेवली नाही. मी इथे अकरापर्यंत बसून होते, दुपारच्या उन्हात दिसलेल्या त्या अठरा फरश्यांकडे बघत. आणि मला फरश्यांचं काही वाटत नव्हतं! अठरा काय, सगळ्या पिवळ्या असत्या तरी चाललं असतं! माझे रुग्ण तोंड उघडून छताकडे बघणार आहेत, फरशीकडे कोण बघतंय? मला तुम्ही हवे होतात इथे, फरशी नाही!"

तिने जवळजवळ पाव तास सुनावलं. मध्ये एकदा आवाज इतका चढला, की समोरचा चाव्या बनवणारा दुकानातून बाहेर येऊन बघून गेला. प्रत्येक वाक्याला "हो" म्हणायचं आणि तिथेच उभं राहायचं, एवढंच मिस्त्री करत होता. छातीवर घमेली रचावी तसं एकेक वाक्य येऊन बसत होतं. पण पळावंसं वाटलं तरी तो पळाला नाही. तिचा राग त्याने पहिल्यांदाच पूर्ण ऐकला. तो फार मोठा होता, पण ऐकता येण्याएवढा होता, हे त्याला माहीत नव्हतं.

शेवटी ती दमली. नाक पुसलं. खोली शांत झाली आणि त्या शांततेत खिडकीच्या कट्ट्यावरून एक बारीक आवाज आला.

"ताई... मग मी येऊ का नको?"

फोन चालूच राहिला होता. दुसऱ्या मिस्त्रीने पाव तास पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं होतं, आणि बिचाऱ्याला मध्ये बोलायचा धीर झाला नव्हता.

मुलीने फोन उचलला. बापाकडे पाहिलं. त्याने खोकं खाली ठेवलं होतं आणि तो खोक्यावरचा क्रमांक दोनदा, तीनदा, बोट ठेवून वाचत होता.

"नको," ती म्हणाली. "आमचे मिस्त्री आलेत."